घर रिकामं आहे

पडद्यावरचा जाडा कप्तान भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे वटारून बघत होता. नजरेनं काटे थांबवायचे म्हणे. काटे थांबले आणि मागे एक शिपाई घड्याळाचा सेल हळूच खिशात घालताना दिसला. सगळं थिएटर खो खो हसलं. लेक तर डोळे पुसत होती. म्हातारा मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता.

"बाबा, तुम्ही फौजेत होतात, तुम्हाला मजा येईल," म्हणून तिनंच दुपारच्या खेळाची तिकिटं काढली होती. निघताना त्यानं नेहमीसारखं प्रत्येक खोलीत डोकावून मगच कुलूप लावलं, तेव्हा "आत कोण बसलंय?" असं ती करवादलीही होती. फौजेत काय करायचात, विचारलं की गडी एकच सांगायचा, "कारकुनी." पुढे तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि तो विषय मिटला.

कारकुनी कसली? तो द्रष्टा होता. म्हणजे साहेबांनी ठरवला होता. बाविसाव्या वर्षी बराकीत पैजेवर लागोपाठ तीन पत्ते बरोबर ओळखले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! पण साहेबांना वाटलं, याला दिसतं. यालाही वाटलं, आघाडीवर जाण्यापेक्षा दिसलेलं बरं. मग रोज एक बंद खोली, टेबल, टेबलावर चिकटवलेलं पाकीट. आत कुठल्याशा जागेचा फोटो. डोळे मिटायचे आणि बोलायचं, पाणी दिसतंय, झाड दिसतंय. आता पाणी आणि झाड कुठे नसतं? सांगितलेलं सगळं टाइप व्हायचं. नियम एवढाच, की "नक्की का?" असं कुणी विचारायचं नाही. विचारलं की दृष्टी जाते म्हणे. थापा मारणाऱ्याला आणखी काय हवं?

पडद्यावरच्या द्रष्ट्यानं डोळे मिटले. "घर रिकामं आहे," तो म्हणाला. शिपाई दार मोडून शिरले, तर आत शत्रूची अख्खी पलटण अंगाला साबण लावून उभी. पुन्हा हशा.

एका घरात शत्रू आहे का, असं साहेबांनी विचारलं, त्या दिवशी याची दाढ ठणकत होती. लवकर सुटावं म्हणून हाही तेवढंच बोलला होता, घर रिकामं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरचा सोबती, ज्याला सगळे शिट्टी म्हणायचे, बुटाची नाडी बांधता बांधता थांबला.

"त्या घरात आम्हालाच पाठवतायत. नियम राहू दे बाजूला. खरंच दिसलं का रे तुला?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण अब्रू आड आली, आघाडीची भीती आड आली.

"दिसलं," तो म्हणाला.

शिट्टी निर्धास्त झाला. शीळ घालतच ट्रकमध्ये चढला. त्याच्यासकट अकरा जण गेले, एकही परतला नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, ती शीळ काही कानातून जात नाही.

दिवे लागले. "असं खरंच असतं का हो, बाबा?" लेकीनं विचारलं.

"असतं. मी बसायचो तसल्या खोलीत."

ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. थिएटर रिकामं होत होतं, तेवढ्या वेळात त्यानं सगळं सांगितलं, दाढेसकट. तिनं फक्त त्याची पिशवी आपल्या हातात घेतली.

दोघं बाहेर आली. दारावरच्या माणसानं आत न बघताच हाक दिली, "कोणी नाही रे, लाव कुलूप."

"पाहिलंत तुम्ही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"इथूनच दिसतंय की, काका."

"द्या जरा ती बॅटरी."

दारावरच्यानं लेकीकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ती ओशाळून बापाला ओढून न्यायची.

"द्या त्यांना," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही डावीकडून जा. मी उजवीकडून बघते."

दोघं आत गेली. प्रत्येक रांगेशी वाकून म्हातारा हळूच विचारत होता, "कोणी आहे का?" आणि पुढे सरकण्याआधी उत्तराची वाट बघत होता.