भामाबाईंचा फोन वाजवणारं कॅलेंडर

मी कॅलेंडर बोलतोय. भिंतीवरचं नव्हे हं! माझ्या पाठीवर दुधाच्या खुणा नाहीत की पोटात राशिभविष्य नाही. पनवेलच्या एका टँकरवाल्याच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या आत मी राहतो. पाण्यासाठी कुणाचा फोन आला की फोनचं मशीन आधी मला विचारतं, "कुणाकडे पाठवू?" माझ्यात त्या वेळेला काही लिहिलेलं नसेल तर फोन ऑफिसात वाजतो. काहीही लिहिलेलं असलं की मशीन समजतं, सुट्टी आहे. मग फोन जातो सुकापूरला, भामाबाईंच्या मोबाइलवर.

भामाबाई म्हणजे मालक परेशच्या आई. पूर्वी धंद्याचा फोन त्यांच्याच घरात होता. पिठाच्या हातांनी तो उचलून कुठल्या सोसायटीत टँकर कधी जाईल, ते त्याच ठरवायच्या. पुढे परेशने पनवेलात गाळा घेतला, सून अंकिता ऑफिस बघू लागली आणि तिनेच मला कामाला लावलं. धंदा वाढला. भामाबाईंचा फोन मात्र मुका झाला.

तारखा कळाव्यात म्हणून अंकिताने मला सासूबाईंच्या मोबाइलातही बसवलं होतं. एकदा त्यांनी आपल्या आठवणीसाठी माझ्यात लिहिलं, "नागपंचमी. पातोळ्या." झालं! ऑफिस चालू असूनही दिवसभर सगळे फोन त्यांच्याकडे.

"टँकर येल, काळजी नको करू. पन तुजी सून कशी हाय? बालंतीन झाली का?" त्या विचारत होत्या. मोदकपात्रातलं पाणी आटून पातोळ्या करपल्या, पण बाईंचा चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू!

भामाबाई काही दूधखुळ्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात माझ्यात "शिरढोणच्या मावशीकडे पूजा" उगवली. मग "पापड". मग "मनस्वीची वेणी". मनस्वी ही त्यांची नात, तिच्या वेणीला अख्खी सकाळ! मला हसू आवरेना. पण लिहिलंय म्हणजे लिहिलंय, मी मशीनला तसंच सांगायचो.

इकडे ऑफिसात शुकशुकाट. त्यातच एका सोसायटीत दोन टँकर गेले, एक परेशने पाठवलेला, एक आईने फोनवर कबूल केलेला. परेश भडकला. "अंकिता, आईचा नंबरच काढून टाक त्यातून!"

अंकिताने मला उघडलं आणि पापड वाचून कपाळावर हात मारला. नंबर पुसायला एक बोट पुरतं. पण तिने आधी सासूबाईंना फोन लावला.

"आई, हे तुम्हीच लिहिता ना?"

पलीकडून भामाबाईंचा आवाज आला, "तुमी सगली जाता नि घर गप व्हतं गो. दुपारी तर कोन हाक पन मारत नाय. फोन वाजला का बरं वाटतं."

अंकिताने डोळे पुसले. मग पूजा, पापड, वेणी एकेक करून सगळं काढलं. संपलं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात तिने नवं लिहिलं, "आई. दुपारी दोन ते चार. रोज."

परेशने मागून वाचलं. मग तो टँकर बघायला निघून गेला.

तेव्हापासून दुपारी मी ऐटीत असतो. तुम्हाला एकच विनंती, त्या वेळेत पाणी मागवाल तर घाईत असू नका. पत्ता सांगायच्या आधी घरच्यांची खुशाली सांगावी लागते.

आणि हो, 'रोज' अशी नोंद केली की मी विचारतोच, "कधीपर्यंत?" त्या दिवशीही विचारलं होतं. अंकिताने ती जागा रिकामी ठेवली.