परतण्याचा रकाना

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे हं, मित्रांनो! तुरुंगातून सुटून देखरेखीखाली राहणाऱ्या माणसांना घरी जाऊन भेटणारी मंडळी जिथे काम करतात, त्या कचेरीत मी टांगलेला आहे. सुताराने मला घासूनपुसून काळा रंग दिला आणि तीन रकाने आखले: कोण, कुठे, परत. देवाने मला तोंड दिले नाही, पण साऱ्यांची काळजी अंगावर लिहून घ्यायला दिली.

पहिली वर्षे माझे फार कौतुक झाले. मग शिस्तीचे साहेब आले. पाच वाजता कुणाचा 'परत' रिकामा दिसला, की ते चारचौघांत विचारत, "काय हो, पाहुणचार झोडत बसला होतात का?" त्या टोमण्याला भिऊन मंडळी निघतानाच 'परत'खाली बरोबरची खूण करू लागली. मी खोटा झालो, मित्रांनो.

एकदा सर्वांत धाकट्या बाई अशीच खूण करून गेल्या. ज्याला भेटायचे, तो घरी नव्हता. त्याच्या तापट भावाने बाईंचा फोन हिसकावला आणि त्यांना घरात कोंडून बाहेरून कडी घातली. दोन तासांनी त्या भावाच्या म्हाताऱ्या आईने ती काढली. इकडे माझ्यावर खूण होती, म्हणून कुणी शोधलेच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या पिशवीत राजीनामा होता. त्यांनी खडू उचलला आणि काही न लिहिताच परत ठेवला.

"काय झालं गं पोरी?" कचेरीतल्या सर्वांत जुन्या काकांनी विचारले.

बाईंनी रडत रडत सगळे सांगितले, खोट्या खुणेसकट. साहेब काही बोलणार, तोच काका म्हणाले, "थांबा साहेब. मीही रोज तेच करतो. एकदा तर अशाच एका घरातून चप्पल टाकून पळालोय. घरी सांगितलं, कुत्र्यानं नेली!"

बाई रडता रडता हसल्या. मग एकाने धृपद म्हणावे आणि साऱ्यांनी उचलावे, तसे एकेक जण म्हणाला, "मीही!"

साहेबांनी फडके घेऊन माझ्यावरची प्रत्येक खूण पुसली. हळूच म्हणाले, "मला वाटायचं, फळा भरला म्हणजे माणसं सुखरूप आली. चुकलं माझं."

आता पाचला रकाना रिकामा दिसला, की साहेब स्वतः फोन करतात, "बरे आहात ना?" मी जरा तिरका टांगलेला होतो. बाईंनी राजीनाम्याची घडी करून माझ्या मागे पाचर लावली. तेव्हापासून मी सरळ आहे.

मित्रांनो, मला नवा रंग नाही दिलात तरी चालेल. पण तुमच्या घरी कुणाला यायला उशीर झाला, तर रागावण्याआधी 'बरे आहात ना?' तेवढे विचारा.