आम्ही तसं काही मानत नाही

"बाई, त्यांची बोली तू तोंडात घेऊ नको," मोबाईलच्या पडद्यावरून चांगुणाबाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला तोंड दिसतं. बोली कुणाची, ते दिसत नाही."

अस्मिता पांढऱ्या केसांच्या टोपाला पिन लावत होती. दातांत धरलेली दुसरी पिन काढून ती म्हणाली, आई, लोकांना कळतं गं. परभणीहून आलेला तो फोन तिने लवकरच ठेवला. मुलीला सांभाळणारी रंगूबाई छोट्या प्राचीला बागेतून घेऊन यायच्या आत इंटरनेटवर टाकायचा व्हिडिओ उरकायचा होता.

टोप, मोत्यांची माळ आणि दोरीला लटकवलेला चष्मा चढला की अस्मिताची नंदिनीकाकू व्हायची. काकू गोड बोलायच्या. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आम्ही तसं काही मानत नाही हं, पण' असं सुरू व्हायचं, आणि 'पण'च्या पुढे सगळं मानलेलं असायचं. हे वाक्य अस्मिताने रचलेलं नव्हतं. करंजाड्यात भाड्याचं घर शोधताना चार घरमालकिणींनी तिला पूर्ण नाव विचारलं होतं, आणि विचारण्याआधी चौघींनीही हेच म्हटलं होतं. त्या काकूंमध्ये स्वतःला ओळखतील का, ओळखून हसतील की रागावतील, याचं तिला कुतूहल होतं. डाळीला फोडणी देता देता ती एकेक प्रतिक्रिया वाचायची.

लिफ्टचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला. "आम्ही तसं काही मानत नाही हं, पण कामाच्या बायकांनी जिन्यानेच यावं," काकू त्यात म्हणाल्या होत्या. "त्यांचा व्यायाम होतो, लिफ्टलाही जरा बरं वाटतं." कोणीतरी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुद्दा बरोबर आहे.' अस्मिताने ते नवऱ्याला, सौरभला दाखवलं. दोघं पोट धरून हसले.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकू लागली. सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून तिला गेट दिसायचं. रंगूबाई प्राचीचं बोट धरून आत शिरली की दोन मिनिटांत बेल वाजायची. आता वीस-वीस मिनिटं लागत होती. विचारलं तर रंगूबाई म्हणायची, बागेत उशीर झाला. पण गेटातून येताना अस्मिताने तिला पाहिलेलं असायचं. मधल्या वेळात पोरीला घेऊन ही कुठे जाते? कोणाच्या घरी बसते? सौरभ म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस. लेकीची झोपसुद्धा मिनिटांत मोजणाऱ्या बाईला असं सांगून काय उपयोग?

गुरुवारी त्या दोघी गेटातून आत आल्या तशी ती दार उघडून बाहेर उभी राहिली. लिफ्ट वर आली. समोरच्या बाई दुधाची पिशवी घेऊन उतरल्या, हसून आपल्या घरात गेल्या. लिफ्टमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मग खालून, जिन्याच्या पोकळीतून, प्राचीचा आवाज आला. ती अंक मोजत होती. सात गाळून आठवर गेली.

अस्मिता धावत खाली उतरली. चौथ्या मजल्यावरच्या पायरीवर रंगूबाई बसली होती. साठीची, जुन्या करंजाडे गावातली बाई. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याने प्राचीच्या फ्रॉकचं टोक घट्ट धरलेलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

"लिफ्ट बंद होती का, मावशी?"

"नाय. चालू हाय."

"मग?"

रंगूबाईने पदराने तोंड पुसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी मोबाईलवर दाखवलं, असं ती हळूच म्हणाली. कामाच्या बायांनी जिन्यानं यायचं म्हणून.

"अहो, ते खोटं आहे. गंमत आहे ती. ती काकू म्हणजे…"

"तुमीच ना, ताई," रंगूबाई म्हणाली. "केस पांढरे केले म्हनून काय झाला, आवाज ओलखला मी. रोज ऐकते ना." ती समजूत घातल्यासारखी हसली. "तोंडावर सांगायला तुमाला अवघड गेला असंल. मी बोलले, चला, आपुनच समजून घेऊ."

अस्मिताने कठड्याला हात लावला. गंमत कोणावर होती, टोमणा कोणाला होता, हे तिने सांगून पाहिलं. त्या घरमालकिणी, ते पूर्ण नाव विचारणं, सगळं. रंगूबाईने शेवटपर्यंत मान हलवली, मुलांचं ऐकून घेतात तशी.

"चला, लिफ्टने जाऊ," अस्मिता म्हणाली. "मी सांगतेय ना."

रंगूबाई उठली नाही. तिने अस्मिताच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"ह्या कोन सांगते, ताई? तुमी का काकू?"

प्राची दोघींकडे आळीपाळीने बघत होती. अस्मिता रंगूबाईच्या शेजारी पायरीवर बसली. थोड्या वेळाने तिघी निघाल्या. उरलेले दोन मजले चालतच चढल्या.

संध्याकाळी तिने टोप न घालता मोबाईलवर लाईव्ह सुरू केलं. पहिल्या मिनिटातच खाली हसरे चेहरे येऊ लागले. 'काकू आज बिनमेकअपच्या,' कोणीतरी लिहिलं. तिने वाचणं थांबवलं.

"माझं नाव अस्मिता," ती म्हणाली. "तुमच्याकडे कामाला येणारी बाई लिफ्टने येते का, ते आज बघा. तिला विचारू नका, ती खरं सांगणार नाही. तिच्या यायच्या वेळेला दार उघडा आणि जिन्यात जाऊन उभं राहा."