चोपलेली जमीन

भाटघरच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की बुडालेलं जुनं गाव वर यायचं. गाव म्हणजे काय, नुसती जोती, भैरोबाच्या देवळाच्या चार भिंती, कुणाच्या परसातली गुरांच्या पाण्याची दगडी डोण, आणि त्यावर वाळून तडकलेला गाळ. पहिली दोन-चार वर्षं लोक बघायला उतरायचे, आपापल्या उंबऱ्यावर उभं राहून डोळे पुसायचे. मग कुणी भोरला गेलं, कुणी खाली नसरापूरकडं जमिनी घेतल्या, आणि बघायला यायचंही थांबलं. उरली एकटी रतनबाई. वरच्या उतारावर तिचं खोपट होतं, दोन शेळ्या होत्या. वैशाख लागला की रोज सकाळी ती पाण्याकडं बघायची, किती उतरलं म्हणून. असं एक-दोन नव्हे, एकोणीस वर्षं चाललं होतं.

आणि त्या वैशाखात, लढाई संपून वर्ष झालेलं, एक उंच काळासावळा गडी खोपटाच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात खाकी सदरा, पाठीला पेटी, खांद्यावर लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला परातीएवढी चपटी चकती.

"थोरल्या आई, वळखलं का? म्या कुंडलिक. सखूबाईचा."

रतनबाईच्या हातातला तांब्या पडायचाच राहिला. सखू म्हणजे तिची धाकटी जाऊ. चार वर्षांचा हाच पोर कडेवर घेऊन सखू ह्या गावातून गेली होती, ती पुन्हा फिरकली नाही. फिरकेल तरी कशी? चोर ठरवून घालवलेली बाई!

घडलं होतं ते असं. रतनबाईला आईनं दिलेली बुगड्यांची जोडी होती, सोन्याची, मोत्यांची. त्यातली एक बुगडी नाहीशी झाली. घरात मोठी माणसं तिघंच. रतनबाई, तिचा नवरा रखमाजी, आणि विधवा सखू. संशय घ्यायला दुसरं होतं कोण? "हिनंच घेतली," असं रतनबाई बोलून बसली. तोंडातून गेलेला शब्द रखमाजीनं उचलला आणि पंचांपुढं नेला. सखूनं भैरोबासमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली. एवढं करूनही कुणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन माहेरी भोंगवलीला निघून गेली. जाताना रडली नाही. रतनबाईकडं एकदा बघितलं आणि चालू पडली.

"आईनं धाडलंय," कुंडलिक पायरीवर टेकत म्हणाला. "लढाईत आमचं काम जिमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायचं. इटलीत दोन वर्सं तेच केलं. लष्कराचा मोडीतला माल लिलावात निघाला, त्यात हे यंत्र घावलं. खाली धातू असला की कानात शिट्टी घुमती. आईला म्हणलं, तुझी बुगडी हुडकून काढतो. तुमचं घर कुठलं तेवढं दावा म्हंजी झालं. मला काय बी आठवत न्हाई."

रतनबाईनं पदरानं तोंड पुसलं. घाम किती आला होता!

कारण ती बुगडी कुठं होती ते तिला ठाऊक होतं. सखू गेल्यावर आठ महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, माजघराच्या जमिनीचा पोपडा निघाला होता. तो उकरताना बुगडी तिच्या हाताला लागली. बुगडी हरवली त्याच आठवड्यात ती जमीन नवी केली होती. माती टाकून, पाणी मारून, दोघी जावांनी शेजारी बसून चोपण्यानं चोपली होती. चोपता चोपता कानातली निसटली, आणि दोघींनी मिळूनच नकळत ती मातीत गाडली. हसत होत्या त्या तेव्हा. सखूनं पाटलाच्या चालण्याची नक्कल केली होती आणि रतनबाईला हसून हसून ठसका लागला होता.

सांगायला पाहिजे होतं. त्याच घटकेला ओरडून सांगायला पाहिजे होतं. पण रखमाजी म्हणजे तापट माणूस, पंचांत त्याची मान खाली जाईल. गाव तोंडात शेण घालील. आज सांगते, उद्या सांगते. शेवटी तिनं बुगडी कुंकवाच्या पितळी करंड्यात घातली आणि मधल्या मेढीच्या तळखड्यालगत, म्हणजे त्या खांबाखाली दगड असतो ना, त्याच्या कडेला पुरून टाकली. पुढच्याच वर्षी पाणी आलं. गाव उठलं, रखमाजी मेला, आणि पाण्यानं तिचं पाप पोटात घेतलं. उन्हाळ्याचे दोन महिने तेवढे ते पुन्हा उघड्यावर यायचं.

"चल, दावते," ती म्हणाली. आणि खाली उतरून तिनं शेजारच्या बिरू धनगराचं जोतं दाखवलं. "हे आपलं घर."

त्या दिवशी खोटं बोलली ती भीतीनं. दुसऱ्या दिवशीचं कारण वेगळं होतं, ते सांगतो.

कुंडलिकचं काम बघण्यासारखं होतं. आधी यंत्र लावायचं नाही. आधी जोत्याच्या कडेला उकिडवं बसून नुसती जमीन बघत राहायची. "डोळं आधी, कान मागनं," तो म्हणाला. "माती कुणी हलवली असंल तर ती सांगती. ज्यानं यंत्रावर भरवसा ठेवला त्यो आमच्यातला परत आला न्हाई." मग कानाला यंत्राचे काळे डबे लावायचे आणि चकती जमिनीवरून हळूहळू फिरवत पाऊल पाऊल सरकायचं. शिट्टी आली की पालथं पडून संगिनीनं तिरपं टोचत, बोटांनी माती बाजूला करायची. संध्याकाळपर्यंत खिळे, नांगराचा मोडका फाळ, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, असलं काहीबाही निघालं.

पहिल्या दिवशी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. देवळाच्या ओट्यावर पथारी टाकली, स्वतःची शिदोरी सोडली. दुसऱ्या दिवशी मात्र ऊन मी म्हणत होतं. रतनबाईनं नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं नेऊन पुढ्यात ठेवलं. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि घास मोडला.

झालं! म्हातारीचा जीव तिथंच अडकला. किती वर्षांनी कुणी तिच्या हातचं खात होतं! खाताना तो इटलीचं बर्फ सांगायचा, खेचरं सांगायचा, शेजारी चालणारा जोडीदार कसा गेला ते सांगताना हातातला घास खाली ठेवायचा. "थोरल्या आई, ठेचा लई झणझणीत हाय हां," म्हणून नाक पुसायचा. रतनबाई दोन शब्द बोलायची आणि स्वतःच्याच आवाजाला बिचकायची. बुगडी सापडली की हा जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "परसाकडं बघ." चौथ्या दिवशी म्हणाली, "गोठ्याकडं बघ." आणि सकाळी उठून आधी दोन भाकऱ्यांचं पीठ मळायला बसायची. लबाड म्हातारी! पण तिच्या जागी बसल्याशिवाय तिला नावं ठेवू नका.

पाचव्या दिवशी कुंडलिकनं कानाचे डबे काढून ठेवले.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला. "उद्याचा दीस चालंल, मग हे निस्तं लाकूड. दुसरी मिळायची न्हाई. आता घावंल असं वाटत न्हाई, तवा आईचा निरोप सांगून टाकतो. बुगडी घावल्यावर सांगायचा हुता."

"काय म्हणाली सखू?"

"म्हणाली, बुगडी माजघराच्या जिमिनीतच असंल. चोपताना पडली असंल. थोरलीला वाटलं म्या घेतली, चूक झाली तिची. पर ती लबाडी करणारी बाई न्हाई. बुगडी घावली की तिला दाव, तिच्या मनातलं निघंल, आणि घिऊन ये तिला हिकडं. एकटी मरंल तिथं. दोघी मिळून जातं वडू, म्हणाली."

रतनबाई शेळ्यांना हाका मारायचं निमित्त करून उठली आणि खोपटामागं जाऊन, तोंडात पदर कोंबून रडली. वीस वर्षं ती समजून होती की सखू आपल्या नावानं बोटं मोडत असेल. ती तर आपलीच बाजू घेऊन बसली होती! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण रडून झाल्यावर डोकं चालू लागलं, ते काही सुटत नाही माणसाला. बुगडी करंड्यात सापडली तर सगळं उघडं पडणार. करंडा आपल्या पायानं चालत जमिनीत जात नाही. तीच बुगडी नुसती मातीत सापडली, तर चोपताना पडली असंच होणार. मग बोचकं बांधायचं आणि सखूकडं जायचं. मरेपर्यंत माणसांत राहायचं. एवढंच तर हवं होतं.

तांबडं फुटता फुटता ती विळा घेऊन खाली उतरली. तळखडा तिनं डोळे मिटूनही ओळखला असता. गाळ वीतभरच होता. करंडा हिरवा पडला होता, झाकण दगडावर आपटून उघडावं लागलं. बुगडी तशीच. सोन्याला काय होतंय, मोती तेवढे पिवळे पडलेले. तिनं ती मातीत दाबली, वर गाळ सारखा केला, हातानं चांगला चोपला, आणि करंडा कमरेला खोचून वर आली.

ऊन वर आल्यावर ती कुंडलिकला म्हणाली, "घर चुकलं रं माझं. म्हातारपण. हे न्हवं, ते पल्याडचं जोतं आपलं."

त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि पेटी उचलली. नव्या जोत्याच्या कडेला नेहमीसारखा उकिडवा बसला आणि जमीन बघू लागला. रतनबाईही बघू लागली. सगळ्या जोत्यावर गाळ तडकून भेगाच भेगा पडलेल्या, आणि तळखड्याच्या कडेला एवढीशी जागा सपाट, गुळगुळीत. भेगा कुठून जोडून आणणार होती ती?

कुंडलिक उठला. यंत्र लावलं, चकती फिरवली, तळखड्यापाशी थांबला. पालथा पडला. त्याला संगीन लागलीच नाही. दोन बोटांनी माती काढली आणि बुगडी तळहातावर घेऊन तो रतनबाईपुढं आला.

"घावली, थोरल्या आई." तो तिच्या डोळ्यांत बघत होता. "चोपताना पडली असंल. व्हय ना?"

एक 'व्हय' म्हटलं की संपलं होतं. बोचकं वर बांधूनही ठेवलं होतं तिनं. सखूचं बोलणं कानात घुमत होतं, ती लबाडी करणारी बाई न्हाई.

"न्हाई," रतनबाई म्हणाली.

आणि कमरेचा करंडा काढून तिनं त्याच्या हातावर ठेवला. मग सगळं सांगितलं. पोपडा, दिवाळी, रखमाजीची भीती, बिरूचं जोतं, आजची पहाट. काही म्हणजे काही राखलं नाही. सांगता सांगता खाली बसली, त्याच तळखड्यावर.

"म्या हितं आल्या आल्या हलवलेली माती बघितली," कुंडलिक म्हणाला.

"मग बोलला का न्हाईस?"

"आईला थोरली पायजे हुती. तुमी व्हय म्हणला असता, तर म्याबी घरी तेच सांगितलं असतं." त्याला आता राग आला होता. "आता काय सांगू तिला? तिनं बेलभंडार उचललेला, थोरल्या आई!"

"खरं सांग. ही जोडीची दुसरी बी ने." तिनं पदराची गाठ सोडून दुसरी बुगडी काढली. "भोंगवलीत चारचौघांत दाव. करंडा दाव. रतननं लपवली, आणि गप बसली, असं सांग."

कुंडलिकनं दोन्ही बुगड्या करंड्यात घातल्या. यंत्राचा दांडा खांद्यावर टाकला आणि चढणीला लागला. रतनबाई मागं मागं खोपटापर्यंत गेली. तिथं तो थांबला.

"भाकरी केलीय का?"

"केलीय. दोन."

"एक द्या बांधून." तिनं फडक्यात भाकरी बांधली, वर ठेच्याचा गोळा ठेवला. तो म्हणाला, "आधी समदं सांगतो आईला. मग ही म्होरं ठेवतो. तुमच्या हातची हाय म्हणून सांगतो. तिनं खाल्ली, तर न्यायला यीन."

"आणि न खाल्ली तर?"

त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि वाटेला लागला. वळणावर चकती उन्हात एकदा चमकली, मग तो दिसेनासा झाला.

मृगात नदीला पाणी आलं. आषाढात तळखडा बुडाला, मग देवळाच्या भिंती गेल्या, गाव पुन्हा पाण्याखाली झालं. रतनबाईनं तिकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ती आता दुसऱ्या बाजूला, वाटेकडं तोंड करून बसायची. भीती गेली होती. एकटेपण मात्र आधीपेक्षा जड झालं होतं, कारण आता त्यात कुणाची तरी वाट बघणं होतं. श्रावणात शेळी व्याली. वाटेवरून कुणी आलं नाही. बोचकं तिनं सोडलं नव्हतं.

"खाल्ली असंल," ती शेळीला म्हणायची. "वाट लांबची हाय. त्यात पावसाचे दीस."

आणि उठून दोन भाकऱ्यांचं पीठ काढायची.