समोरच्याची बाजू

विहिरीवर सकाळीच जुंपली होती. लोहाराची बायको गवंड्याच्या नावानं बोटं मोडत होती आणि गवंडी फावडं आपटून तिला उत्तर देत होता. आपल्या पाळीचं पाणी दुसऱ्यानं चोरलं, असं दोघांचंही म्हणणं.

थोरला आला तसे आवाज खाली आले. साऱ्या शिवाराला एकच विहीर, आणि पाळ्या ठरवायचं काम गावानं त्याच्या गळ्यात घातलेलं. त्याची एक पद्धत होती. भांडण घेऊन येणाऱ्यानं आधी समोरच्याची बाजू सांगायची, मग आपली.

"कर सुरुवात, वहिनी."

"ह्या मेल्याची बाजू मी सांगू?"

"सांग की. त्याच्याच तोंडानं."

"त्याची मिरची सुकलीय. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलंच नाही," ती म्हणाली.

"हिची वांगीही माना टाकून बसलीत, दादा," गवंडी पुटपुटला.

म्हणजे चोर कुणीच नव्हता, पाणीच कमी पडत होतं. दुसरा असता तर विहीर खोल करा म्हणून मोकळा झाला असता. थोरला दोर धरून आत उतरला. पश्चिमेचा झरा वाहत होता, पूर्वेचा कोरडा ठाक. पूर्वेला फक्त त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं शेत होतं, आणि धाकट्यानं नुकतीच आपल्या शेतात बोअर मारली होती.

तरी घाई नको म्हणून त्यानं धाकट्याला चार दिवस मोटर बंद ठेवायला सांगितली. धाकट्यानं का म्हणून विचारलंही नाही. पूर्वेचा झरा पुन्हा पाझरू लागला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गाव जमलं. भाऊ म्हणून पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, एवढंच थोरल्याच्या डोक्यात बसलं होतं.

"बोअर बुजवायची. उद्याच," तो म्हणाला.

धाकटा उठला. "दादा, आज माझी बाजू कोण सांगणार?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

धाकटा "बरं" म्हणाला आणि निघून गेला.

बोअर त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली. आठवडा उलटायच्या आत घराला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन मेहुण्याच्या वीटभट्टीवर कामाला गेला. जाताना थोरल्याच्या बायकोच्या पाया पडला. थोरल्याकडे पाहिलंही नाही.

"मला एका शब्दानं सांगायचं तरी होतं त्यानं," थोरला जेवताना म्हणाला.

बायकोनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "तुम्ही विचारलंत कधी? तुम्हा दोघा भावांची मिळून एक पाळी. कुणाचं पीक अडलं की तुम्ही आपलं पाणी देऊन टाकायचात. गाव तुम्हाला मोठं म्हणायचं. पण आपलं शेत वरच्या अंगाला, ते भिजून झालेलं असायचं. दिलं ते त्याचं पाणी दिलंत! दर वर्षी त्याचं पीक जळलं. म्हणून मारली त्यानं बोअर. तुमच्या तोंडाला तोंड द्यायचं नव्हतं म्हणून."

थोरला ताट तसंच सारून उठला.

विहीर भरली. दादांमुळे शिवार वाचलं, असं जो तो म्हणू लागला. भावांची पाळी आली तेव्हा थोरल्यानं पाटाचं आपल्या शेताकडचं दार मातीनं बंद केलं आणि सगळं पाणी खाली धाकट्याच्या रानात सोडलं.

"दादा, तिथं पेरलंय कुठं?" गवंडी बांधावरून ओरडला.

थोरला धाकट्याच्या शेतात उभा होता. गवंडी निघून गेल्यावर तो तोंडातल्या तोंडात बोलू लागला. "दादा, मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. तू पाणी वाटत राहिलास आणि मी बघत राहिलो. माझ्यापर्यंत पाणी आलंच नाही, दादा."

समोरच्याची बाजू सांगून झाली होती. आता पद्धतीप्रमाणे आपली सांगायची. तो रडत उभा राहिला आणि पाणी मोकळ्या ढेकळांत मुरत राहिलं.