प्रागच्या रंगीत तालमीतला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे, आणि ऐन मार्चमध्ये, भर पुण्यात, मला अंगावर चढवून चतुःशृंगीच्या पायऱ्या चढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव श्रीनिवास. त्यांची गोष्ट सांगायलाच मी बसलो आहे, पण आधी माझी थोडी ओळख करून देतो.

माझा जन्म लष्कर भागातल्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. विश्वजीत नावाच्या तरुण इंजिनिअरला त्याच्या कंपनीनं शिक्षणासाठी युरोपात धाडायचं ठरवलं, तेव्हा त्यानं करड्या रंगाचं जाड लोकरी कापड आणून मला शिवून घेतलं. शिंपी सावकाश हाताचा होता. आत कॅनव्हास, त्यावर मऊ अस्तर, रुंद कॉलर आणि चार मोठी बटणं. कोट घालून विश्वजीत आरशापुढे इतका वेळ उभा राहिला, की शेवटी शिंप्यानं दुकानाचा दिवाच मालवला.

तो परत आला आणि माझी खरी नोकरी सुरू झाली. पुण्यात असा कोट रोज कोण घालणार? त्यामुळे नात्यात किंवा शेजारात कुणाचा व्हिसा आला, की पहिला फोन विश्वजीतच्या घरी यायचा, "कोट मोकळा आहे का?" मी जायचो, थंडी खायचो आणि ड्रायक्लीन होऊन परत यायचो. येताना माझ्या खिशात चॉकलेटं ठेवायची, असा रिवाजच पडला होता. एकदा एका लग्नात तिघांनी एकमेकांना आपापले परदेशातले फोटो दाखवले, आणि तिघांच्याही अंगावर मीच होतो. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग दिवस पालटले. फुगीर आणि हलकी जॅकेटं घरपोच मिळू लागली. विश्वजीतचा मुलगा केयूर हिंजवडीतल्या कंपनीत लागला आणि सारखा परदेशी जाऊ लागला. मला बघून तो म्हणाला, "बाबा, हा कोट नाही, गोधडी आहे." मी कपाटात गेलो. डांबरगोळ्यांच्या वासात किती हिवाळे काढले ते मला सांगता येणार नाही. मित्रांनो, वस्तू फाटली की तिला एकदाच दुखतं. विसरली गेली की रोज दुखतं.

अशात विश्वजीतच्या धाकट्या बहिणीचा, सरोजिनीबाईंचा फोन आला. "दादा, कोट आहे का रे अजून?"

सरोजिनीबाई आणि त्यांचे यजमान श्रीनिवास एप्रिलमध्ये लेकीकडे जर्मनीला निघाले होते. लेक अपूर्वा तिथे नोकरी करते. तिनं एका शनिवार-रविवारी दोघांना रेल्वेनं प्रागला न्यायचं कबूल केलं होतं. श्रीनिवास पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निम्मी नोकरी खडकवासल्याच्या धरणावर गेलेली. प्रागच्या नदीवर सहाशेहून जास्त वर्षं उभा असलेला एक दगडी पूल आहे. बायकोला घेऊन त्या पुलावरून चालत जायचं, हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. ही सहल आधी दोनदा हुकली होती, एकदा आईच्या आजारपणात आणि एकदा करोनात. आता तिसऱ्यांदा ते ती हुकू देणार नव्हते.

त्यांनी दोन दिवसांची मिनिटवार आखणी केली. शनिवारी सकाळी टेकडीवरचा किल्ला, तिथून उतरून पूल, पूल ओलांडून जुन्या गावातला चौक.

"बाबा, दोनच दिवस आहेत. पुलापर्यंत टॅक्सी करू आणि टॅक्सीनंच पलीकडे जाऊ," अपूर्वा फोनवर म्हणाली.

"त्या पुलावर गाड्यांना बंदी आहे. जवळ राहतेस, जरा अभ्यास करत जा."

फोन ठेवून त्यांनी जाहीर केलं, की या सहलीची रंगीत तालीम पुण्यातच करायची. चतुःशृंगीची टेकडी म्हणजे किल्ला, लकडी पूल म्हणजे तो पूल आणि मंडई म्हणजे जुना चौक.

"आणि मी म्हणजे वेडी," सरोजिनीबाई म्हणाल्या. पण त्यांनी चालायचे बूट काढून ठेवले आणि दादाकडून मलाही घेऊन आल्या.

"कोट कशाला घालताय आत्ता?"

"तिकडे तो अंगावर असणार. मग तालीम कोटाशिवाय कशी होईल?"

मला अगदी गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी गरज होती.

पहिल्या तालमीला आम्ही सकाळीच निघालो. पायऱ्यांवर एका मुलीनं विचारलं, "काका, वर बर्फ पडलाय का?" "पडेल. आपली तयारी असावी," श्रीनिवास म्हणाले आणि पुढे चालू लागले. मी खुशीत होतो. पण निम्म्या पायऱ्या झाल्या आणि माझी खुशी ओसरली.

मित्रांनो, ज्याच्या छातीवर मी असतो, त्याच्या काळजाचे ठोके मला फार जवळून ऐकू येतात. दमलेल्या माणसाचे ठोके मी ओळखतो. ते भरभर पडतात, पण ओळीनं पडतात. श्रीनिवासांचे ठोके ओळ सोडत होते. त्यांच्या अंगाला एकदम घाम फुटला, तोही गार. त्यांनी उजव्या हातानं मला डावीकडून मुठीत गच्च धरलं, आणि त्यांचा श्वास अडकून राहिला.

सरोजिनीबाई चार पायऱ्या पुढे होत्या. त्या वळल्या. "काय झालं?"

मूठ लगेच सुटली. "काही नाही. बुटाची नाडी."

ते खाली वाकले. नाडी घट्ट बांधलेली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा सावकाश बांधली, कळ ओसरेपर्यंत. सरोजिनीबाई वर टेकडीकडे बघत थांबल्या होत्या. मला ओरडून सांगायचं होतं, अहो बाई, नाडीकडे नका बघू, चेहऱ्याकडे बघा. पण कोटाला तोंड नसतं.

त्यानंतर प्रत्येक तालमीत हेच होऊ लागलं. लकडी पुलावर ते कठड्याला टेकून उभे राहायचे आणि पुलाचे खांब पाण्याच्या लोंढ्याला कसे तोंड देतात ते बायकोला समजावून सांगायचे. त्या कौतुकानं ऐकायच्या. मला मात्र ऐकू यायचं, की त्यांना पुढचं पाऊल टाकवत नाहीये. व्याख्यान लांबायचं आणि मूठ तीच जागा पुन्हा पुन्हा आवळायची. विमानाचा दिवस जवळ येत होता. मला धास्तीनं काही सुचेनासं झालं.

शेवटच्या तालमीला मंडईपर्यंत पोचलो आणि श्रीनिवास एका पायरीवर मटकन बसले. कळ आता जबड्यापर्यंत चढली होती. शेजारी लिंबं विकणाऱ्या गोदाबाई म्हणाल्या, "काका, कोट काढा की आधी. हितं थंडी कुठं हाय?" आणि त्यांनी आपला पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" सरोजिनीबाईंचा आवाज चिरकला. "खरं सांगा."

श्रीनिवासांनी पाणी प्यायलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा कोट फार जड आहे गं. यानंच दमायला होतं."

खोटा आळ म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. आणि सरोजिनीबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. त्यांना तो ठेवावासा वाटला असणार. "मग हा नकोच," त्या म्हणाल्या. "हलकं जॅकेट मागवू. हा उद्याच्या उद्या दादाकडे परत देऊन टाकते." श्रीनिवास लगेच हो म्हणाले. अपमान मी गिळला असता, पण भीती कशी गिळणार? मी गेलो, की या माणसाच्या छातीत काय चाललंय ते जाणणारं या घरात कुणीच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनीबाईंनी मला इस्त्रीच्या टेबलावर पसरलं. भावाकडे चुरगळलेला कोट धाडणं त्यांना पटेना. त्यांनी ओलं फडकं घातलं आणि इस्त्री फिरवली. मी मागच्या बाजूनं सरळ झालो, बाह्या सरळ झाल्या. पण डाव्या छातीवरच्या चुण्या जाईनात. माझं कापड असं, की चुण्या आपोआप निघून जाव्यात. सगळे त्याची तारीफ करत आले होते. या चुण्या मात्र घामात भिजून पुन्हा पुन्हा त्याच जागी वळल्या होत्या. आणि मीही त्या धरून ठेवल्या. कोटाला हट्ट करता येतो का, असं तुम्ही विचाराल. ते मला माहीत नाही, पण त्या दुपारी मी केला.

सरोजिनीबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. त्या चुण्यांवरून बोटं फिरवली. मग त्यांनी तिथेच मला आपल्या मुठीत धरून पाहिलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

"अहो, जरा इकडे या."

"बॅग भरतोय मी."

"इकडे या म्हटलं ना!"

श्रीनिवास आले. सरोजिनीबाईंनी मला नवऱ्याच्या अंगावर चढवलं, त्यांचा उजवा हात धरला आणि माझ्या डाव्या बाजूवर ठेवला. एकेक बोट आपापल्या चुणीत जाऊन बसलं.

"किती वेळा झालंय हे?"

"गॅसेस असतील गं."

"गॅसेस झाल्यावर असं धरतं कुणी?"

श्रीनिवास खाली बघत राहिले. "तुला सांगितलं असतं, तर तू प्राग रद्द केलं असतंस."

"हो, केलं असतं."

"मला फक्त एकदा त्या पुलावरून तुला पलीकडे न्यायचं होतं, सरू."

"आणि परत मी एकटीनं यायचं?"

मला वाटतं, इतक्या दिवसांच्या आखणीत हा प्रश्न श्रीनिवासांना सुचलाच नव्हता.

सरोजिनीबाईंनी तडक रिक्षा बोलावली. रिक्षा खड्ड्यातून गेली, की त्या एका हातानं दांडा धरत आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला. इस्पितळात श्रीनिवासांना लगबगीनं आत नेलं, आणि मला कुणीतरी काढून सरोजिनीबाईंच्या हातात दिलं. बाहेर एसीचा गारठा होता. बराच वेळ मला मांडीवर घेऊन त्या नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी मला अंगात घातलं. मी त्यांना खूप मोठा होत होतो. त्यांचे ठोके भरभर पडत होते, पण ओळीनं पडत होते. दार उघडण्याचा आवाज झाला, की त्या मला मुठीत आवळायच्या, अगदी त्याच जागी.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "मोठा अडथळा होता, काढलाय. आता धोका टळला आहे. विमानात असताना हे झालं असतं, तर अवघड होतं." सरोजिनीबाईंनी हात जोडले आणि माझ्या बाहीनं डोळे पुसले. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ज्या शनिवारी प्रागला असायचं, त्या शनिवारी अपूर्वा पुण्यात वडिलांच्या उशाशी होती. "बाबा, पूल कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "पूल नाही गं पळत. तुझी रजा पळते," श्रीनिवास म्हणाले, आणि ते बरे होत असल्याची आम्हा सगळ्यांना खात्री पटली. पुढच्या वर्षी जायचं ठरलं आहे. किल्ला खालूनच बघायचा, हे सरोजिनीबाईंनी ठरवून टाकलं आहे.

विश्वजीतनं मला त्यांच्याकडेच राहू दिलं. मी दारामागच्या खुंटीवर असतो. परवा लिफ्ट बंद होती. श्रीनिवास जिन्यानं वर आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सरू, दमलो गं." कुणावरही आळ न घालता त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सरोजिनीबाई पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

मित्रांनो, आम्हा कपड्यांना ऊन दाखवा, डांबरगोळ्या घाला, जपा. आम्ही त्याला पात्र आहोत. पण तुमच्या घरातलं कुणी पायरीवर थांबून, घट्ट बांधलेली नाडी पुन्हा बांधत असेल, तर पुढे जाऊ नका. खाली या आणि त्याच्या शेजारी बसा.