चार खांद्यांवरची बाज

मी बाज बोलते आहे. कुणी खाट म्हणेल, म्हणू द्या. 'बिचारी' मात्र म्हणायचं नाही. इतकी वर्षं मी गप्प बसले ती तोंड नव्हतं म्हणून. राग पहिल्यापासून होता.

माझी लाकडं काठी गावाकडच्या डोंगरातली, सागाची. पाय बाभळीचे, वीण अंबाडीच्या सुंभाची. कौसाबाईच्या बापाने मला खापर गावच्या बाजारात घेतली आणि लेकीच्या आंदणात दिली. बैलगाडीत उलटी पडून मी कोरीटच्याही पलीकडे, तापीच्या काठावरच्या एका गावात आले. कौसाबाईचा नवरा भटू तिथला पाटील. घर मातीचं, वर मातीचंच सपाट धाबं, भिंती हात-हात रुंद. त्या भिंतींचा भटू पाटलाला इतका गर्व, की जणू त्या त्याने स्वतःच्या हाडांनी रचल्या होत्या.

मी बाळंतिणीची बाज. माझी वीण मधोमध मुद्दाम सैल ठेवलेली, खालच्या शेगडीची धग वर यावी म्हणून. ओव्या-शेपाच्या धुराने माझं सुंभ काळं पडलं. उशाशी विळा, दाराला कडुनिंबाचा डहाळा. त्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नसत. खोलीतले नियम मात्र ओसरीवर बसून तेच सांगत. बायका ते पाळत, आणि जी ते कमी पाळायची तिला बाकीच्या बायकाच फाडून खात. हे मी माझ्या चार पायांवर उभी राहून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

नियम असा, की पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. पाचव्या रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते, तेव्हा आई आणि मूल तिला जागच्या जागी सापडलं पाहिजे. कौसाबाईची सून नर्मदा. तिची आधीची दोन मुलं माझ्यावरच जन्मली आणि पाचवीच्या आतच गेली. म्हणून तिसऱ्या खेपेला कौसाबाईने नियम आणखी आवळला. बाजेवरून खाली पाऊलच ठेवायचं नाही. मुलगी झाली होती, चिमूटभर, पण आवाज असा की गोठ्यातली म्हैस मान वळवी.

त्याच भादव्यात, पाचवीच्या आतच, ते वादळ आलं.

गावात तेव्हा नुकत्याच दोन-चार गांधीटोप्या दिसू लागल्या होत्या. दुपारी कोतवालाने दवंडी दिली. नंदुरबारहून मामलेदाराचा निरोप होता, की सुरतेकडून मोठं वादळ येत आहे, वरच्या अंगाला तापीही चढली आहे, काठच्या लोकांनी उंचावर जावं. उंचावर म्हणजे टेकाडावरची भीकमचंद शेठची कापसाची वखार, दगडी बांधणीची. शेठने वखार उघडून दिली. लोकांनी चावडीवर जमून विचारलं, पाटील, काय करायचं? भटू पाटील हसला. म्हणाला, "पानी मारुतीनी पायरीवर येस आन मांगे जास. मन्हा बापनी तेच देखं, मी तेच देखं."

झालं. पाटील हलत नाही म्हटल्यावर निम्मं गाव हललं नाही. पाटलाआधी घर सोडायचं म्हणजे भित्रा ठरायचं, आणि भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा बुडालेलं बरं, अशी ती जात. पुरुषांची म्हणते मी.

हलायचं नाही असं ठरलं, तरी तयारी जोरात. धाब्यावर माती टाकून चोपली. दाराला आडणा घातला. कौसाबाईने सुवासिनी जमवून काठावर तापीची ओटी भरली, खण-नारळ पाण्यात सोडला. नारळ वाहत गेला तेव्हा म्हणे नदीमायने मानून घेतलं. आणि तेवढ्यात बैल वखारीकडे निघाले. हो, बैल. पाठोपाठ म्हैस गेली. सरकीची पोती गेली, नवा नांगर गेला. नर्मदेचा नवरा हिलाल खेपा घालून घालून चिखलाने माखला. जे भिजलं तर नुकसान होईल ते सगळं टेकाडावर पोचलं. बाळंतीण माझ्यावर राहिली.

संध्याकाळच्या शेकाला सुनेला घेऊन दाई आली, रूपलीबाई. भिल्लाची बाई, गावाबाहेर नाल्याकाठी झोपडी. अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली, तरी मागच्या दारानेच यायची. रिकाम्या गोठ्याकडे एक नजर टाकून म्हणाली, "बैल सुखी शेतस, बाई. त्यासनी पाचवी नही ऱ्हास."

कौसाबाईने शेगडी आणखी जोरात फुंकली.

मग वारा आला. तसा वारा मी पुन्हा ऐकला नाही. धाब्यातून आधी थेंब, मग धार. मागच्या परसातून पाणी आत आलं आणि माझे पाय भिजू लागले. शेगडी विझली. नर्मदेने मुलीला छातीशी धरलं आणि एक पाय खाली सोडला. "आत्याबाई, मले उतरू द्या. मी चालसू."

कौसाबाईने तो पाय धरून परत वर ठेवला. "दोन गयात तुन्हा. तिसरं बी गमावस का?"

तिचाही राग येतो मला, नाही असं नाही. पण त्या बाईने माझ्यावर जन्मलेली स्वतःची चार मुलं पुरली आहेत. तिला नियमाशिवाय धरायला दुसरं काही कुणी दिलंच नव्हतं.

नर्मदा रडली नाही. एवढंच म्हणाली, मी सांगते ते कुणी ऐकणार आहे का, की नशीब लिहायला येणाऱ्या बाईलाच विचारायचं, पाणी नाकाशी आल्यावर?

तेव्हा रूपलीबाईने पदर कंबरेला खोचला. "बाई बाजवरथीन उतरानी नही, आसंच ना, कौसाबाई? मंग नका उतारू. बाजच उचला."

कौसाबाई तिच्याकडे बघतच राहिली. नियम मोडत नव्हता. बाईही वाचत होती.

पण गल्लीत पाणी कंबरेला लागलं होतं. हातांवर उचलून भागणार नव्हतं, खांद्यावरच घ्यायला हवं होतं. हिलाल पुढे झाला, त्याने माझ्या एका पायाला हात घातला आणि ओसरीवरून बापाचा आवाज आला. "जिती बाईले चार खांदा? मन्हा घरमाईन आशी बाई निंघाव नही." चार खांद्यांवर माणूस निघतं ते एकदाच, तिरडीवर. हे सगळ्यांनाच ठाऊक. हिलालचा हात मागे गेला. तो हात मी विसरलेले नाही. बाभळीच्या लाकडालाही एखादा हात कायमचा लक्षात राहतो.

मग बायकांनी उचललं. डोक्याकडे रूपलीबाई आणि तिची सून, पायाकडे हाक ऐकून आलेली शेजारच्या रेवजीची विधवा. चौथा पाय मोकळा. मी तिरपी झाले, नर्मदा घसरू लागली, मूल किंचाळलं. कौसाबाईने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खांदा घातला.

हिलाल पुढे चालला, देवाचे टाक डोक्यावर घेऊन. बापाने त्याला तेवढं काम दिलं होतं. पाठीमागे बायका धापा टाकत होत्या, एकीचा पाय खड्ड्यात गेला की दुसऱ्या तिघींचे खांदे कचकत होते, आणि या शहाण्याने एकदा वळून बघितलं नाही. टेकाडाच्या चढावर रूपलीबाई त्याला म्हणाली, भाऊ, देव जड झाले असतील तर इकडे दे, आमचा एक खांदा मोकळा आहे. कौसाबाईला हसू फुटलं. त्या पावसात, खांद्यावर सून घेऊन, ती बाई खरंच हसली.

भटू पाटील धाब्यावर चढून बसला होता. निघताना वरूनच ओरडला होता, मी आहे, भिंती आहेत. पहाटेआधी त्या हात-हात रुंद भिंती पाण्यात विरघळल्या आणि धाबं त्याला घेऊन खाली आलं. नाल्यावरच्या रूपलीबाईच्या झोपडीची तर जागासुद्धा ओळखू येत नव्हती. वखारीत तिला आत घेतलं नाही. आत बैल होते. ती सुनेला घेऊन वळचणीखाली भिजत बसली. माझ्यावरच्या बाळंतिणीने तीनदा सांगितलं, तिला आत बोलवा. तिला सांगितलं गेलं, तू झोप, तुला ताप येईल.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी का चिडते ते कळेल.

म्हाताऱ्याच्या तेराव्याला भावकी बसली आणि निवाडा झाला. जिवंत बाईला चार खांद्यांवर काढली, म्हणून खांदे घरातला एक माणूस मागून घेऊन गेले. दोष बाजेचा. दोष रूपलीबाईचा. मुलगी जगली, पाचवीही वखारीत पार पडली, तिचं कुणी नाव काढलं नाही. वादळाचा दोष नाही, दवंडी ऐकून हसलेल्याचा तर नाहीच. कौसाबाई एकदा बोलायला उठली, तिला नव्या विधवेने कोपऱ्यात बसावं असं सांगितलं. रूपलीबाईला गावात बाळंतपणाला बोलावू नये असं ठरलं. मला शिवेबाहेर टाकून दिलं, तिरडीचे बांबू टाकतात तिथे.

रूपलीबाई आली. मला निरखलं, एक पाय हलवून बघितला. "चांगलं लाकूड शे," म्हणाली आणि डोक्यावर घेऊन चालू लागली. तिच्या नव्या झोपडीत मी उभी राहिले. वीण तिने पुन्हा घातली, आणि मधोमध सैल ठेवली.

पुढे दोन पावसाळ्यांनी नर्मदेचे पुन्हा दिवस भरले. पाटलाघरी नवी बाज आणली होती, पाटावरवंटा पूजून. पहिली कळ येताच नर्मदा उठली, मुलीला काखेत घेतलं आणि भर दिवसा, चावडीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत रूपलीबाईच्या झोपडीत आली. माझ्यावर आडवी झाली आणि दात आवळले. मुलगा झाला. तोवर बाहेर भावकी गोळा झाली, पुढे हिलाल. म्हणत होते, पाटलाचा नातू भिल्लाच्या झोपडीत, चला घरी, गाडी आणली आहे, गादी घातली आहे.

नर्मदा माझ्यावर, याच जागेवर, हात आपटून म्हणाली, "पाचवी बी आठेच व्हई. ज्याले येवानं शे त्यानी आठे येवानं."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार ढकलून कौसाबाई आत आली. हातात ओव्याची पुरचुंडी होती. रूपलीबाईने तिला बसायला पाट दिला, आणि ती बसली.

मी आता म्हातारी आहे. माझा एक पाय किडला, त्याला पट्टी ठोकली आहे. भिल्लांच्या बायका येतात, आताशा गावातल्याही येतात, तोंड झाकून का होईना. तुम्हाला एवढंच सांगते. नदी चढली आणि घरात बाई बाजेवर असली, तर जायचं की राहायचं हे आधी तिला विचारा. तिला तोंड आहे, माझ्यासारखं नाही.

चला, निघा आता. दारात कुणीतरी कण्हते आहे, आणि मला काम आहे.